क्लाऊडची रचना: इंदूरच्या मराठी मंडळींकडून वारंवार येणारे प्रश्न

हे पान इंदुरातल्या मराठी मंडळींसाठी आहे, मग ते सुपर कॉरिडॉरवर नोकरी करत असोत की सियागंजात व्यापार. कुणी सीएच्या कार्यालयातले संगणक सांभाळतं, कुणाचं नमकीनचं दुकान आता ऑनलाइन ऑर्डर घेतं, कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तर कुणी आपल्या नाट्यसंस्थेची वेबसाइट हौसेनं चालवतं. प्रश्न बरेचसे सारखे असतात. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: क्लाऊड कंपनी, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर आणि डिस्क भाड्यानं देणारी कंपनी, तुम्हाला सुटे भाग देते, पण त्यातला एखादा बंद पडला तर पुढे काय व्हावं, हे तुम्हालाच आधी ठरवून ठेवावं लागतं.

क्लाऊडवर ठेवलेली माझी फाइल प्रत्यक्षात असते कुठे?

एखाद्या डेटा सेंटरमधल्या डिस्कवर, आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त डिस्कवर. ते डेटा सेंटर कुठल्या शहरातलं असावं हे तुम्ही निवडता. ॲमेझॉनची एडब्ल्यूएस ही सेवा भारतात मुंबई आणि हैदराबादला आहे, गूगल क्लाऊड मुंबई आणि दिल्लीला, मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअर पुणे, मुंबई आणि चेन्नईला. अशा प्रत्येक ठिकाणाला रीजन म्हणतात. इंदुरात यांपैकी कुणाचंही रीजन नाही, त्यामुळे आपला डेटा गावाबाहेर जाणार हे गृहीतच धरायचं. किती लांब जाऊ द्यायचा, हे मात्र आपल्या हातात आहे.

आमचा होस्टिंगवाला वर्षाचे ठरावीक पैसे घेतो आणि म्हणतो, हेही क्लाऊडच. खरं का?

अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण संस्थेनं सप्टेंबर २०११ मध्ये क्लाऊडची व्याख्या प्रसिद्ध केली. आजही तीच सर्वत्र वापरली जाते. तिच्यात पाच लक्षणं आहेत: कुणाला फोन न करता स्वतःच सर्व्हर घेता येणं, तो नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणं, एकाच साधनसाठ्यातून अनेक ग्राहकांना वाटप, गरजेनुसार लगेच वाढवता आणि कमी करता येणं, आणि वापर मोजून त्याप्रमाणे बिल येणं.

आता तुमच्या होस्टिंगवाल्याला विचारा: आज रात्री मला चार सर्व्हर हवेत आणि उद्या सकाळी तीन परत करायचे आहेत, बिल फक्त तेवढ्या तासांचं येईल का? उत्तर नाही असेल तर ते साधं होस्टिंग आहे. त्यात वाईट काही नाही. चार पानांच्या वेबसाइटला तेच स्वस्त आणि पुरेसं पडतं.

एकाच मशीनवर अनेक ग्राहक असतात म्हणे. शेजारच्या ग्राहकाला माझा डेटा दिसत नाही ना?

दिसू नये यासाठीच हायपरवायझर नावाचा थर असतो. एका मोठ्या मशीनचा प्रोसेसर आणि मेमरी वाटून तो अनेक आभासी मशीन तयार करतो. प्रत्येकीला वाटतं की सगळं हार्डवेअर आपलंच आहे. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९६० च्या दशकातच मेनफ्रेमवर हे करून दाखवलं होतं. साध्या पीसी-सर्व्हरच्या प्रोसेसरवर ते नीट चालायला बराच काळ जावा लागला. इंटेल आणि एएमडीनं २००५-०६ च्या सुमारास प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय दिली. २००६ मध्येच ॲमेझॉननं आपली भाड्याची सर्व्हरसेवा, ईसी-टू, झेन या हायपरवायझरवर सुरू केली.

कंटेनर हा हलका प्रकार. त्यात प्रत्येकाला वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम मिळत नाही. लिनक्सचं एकच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळे वापरतात आणि प्रत्येकाच्या फाइली व प्रक्रिया वेगळ्या कप्प्यात राहतात. २०१३ मध्ये कंटेनर बांधण्याचं डॉकर हे साधन आलं आणि कंटेनर घराघरात पोचले. आभासी मशीन सुरू व्हायला मिनिटभर लागतं, कंटेनरला काही सेकंद. मात्र कर्नल सामाईक असल्यामुळे अनोळखी ग्राहकांना नुसत्या कंटेनरच्या भिंतीनं वेगळं ठेवणं पुरेसं मानत नाहीत.

मुंबईचंच रीजन घ्यावं का? व्हर्जिनिया स्वस्त दिसतं.

इंदूरचे ग्राहक असतील तर मुंबई घ्या. कारण अंतराचं आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई ही केबल ६०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात वाटेतल्या राउटरांमुळे आणि वळणांमुळे जास्त. व्हर्जिनिया १२ हजार किलोमीटरांहून लांब आहे, म्हणजे निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबानंच किमान १२० मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात दोनशेच्या वर. एक पान उघडताना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एकापाठोपाठ दहा फेऱ्या झाल्या, तर नुसत्या प्रवासातच दोन सेकंद गेले. सर्व्हर कितीही वेगवान घ्या, हे दोन सेकंद वाचत नाहीत.

यूट्यूबवरची अनेक शिकवणी व्हर्जिनियाचं रीजन निवडूनच सुरू होतात आणि विद्यार्थी तेच गिरवतात. कोपऱ्यातलं रीजनचं नाव बघायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

अव्हेलेबिलिटी झोन म्हणजे काय, आणि मला दोन झोनचे पैसे का द्यायचे?

रीजनच्या आत एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या जागा म्हणजे झोन. प्रत्येकाची वीज आणि नेटवर्क स्वतंत्र असतं. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये असे तीन झोन आहेत. एका रीजनमधले झोन एकमेकांपासून शंभर किलोमीटरच्या आत ठेवलेले असतात: एकाच पुरानं किंवा आगीनं दोन्ही बसू नयेत इतके दूर, आणि डेटाबेसची प्रत दुसरीकडे लगेच लिहिता यावी इतके जवळ.

लोकांची समजूत असते की क्लाऊडवर गेलो म्हणजे हे आपोआप मिळालं. तसं नाही. तुम्ही एक सर्व्हर घेतलात तर तो एकाच झोनमध्ये आहे, आणि तो झोन बसला की तुमची साइटही बसली. दुसऱ्या झोनमधला सर्व्हर तुम्हालाच घ्यावा लागतो आणि दोघांच्या पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा भाग, ठेवावा लागतो. त्याचेच ते पैसे. चार तास साइट बंद राहिली तर तुमचं किती बिघडतं, याचा प्रामाणिक हिशेब करा. काहीच बिघडत नसेल तर दुसरा झोन नका घेऊ.

आमच्या नाट्यसंस्थेची तिकिटं सकाळी दहाला खुली होतात आणि दहा वाजून दोन मिनिटांनी साइट बसते. कशी रचना करावी?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण यात रचनेचं जवळजवळ सगळं शास्त्र येतं. वर्षभर साइटवर शुकशुकाट असतो. मग मुंबई-पुण्याचं एखादं गाजलेलं नाटक इंदुरात येणार असतं आणि साडेनऊपासूनच सगळे मोबाइल घेऊन बसलेले असतात. पहिल्या रांगांच्या खुर्च्यांवर प्रत्येकाची नजर. अशा वेळी गर्दी हळूहळू चढत नाही, ती एकदम कोसळते.

बाहेरून आत जाऊ. आधी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा. त्यानंतर सीडीएन, म्हणजे फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारं सर्व्हरांचं जाळं. नाटकाचं पोस्टर, कलाकारांचे फोटो, पानाची सजावट हे सगळ्यांना सारखंच दिसतं. ते दर वेळी तुमच्या सर्व्हरनं का द्यावं? सीडीएनकडे त्याच्या प्रती ठेवल्या की बरीचशी गर्दी तिथल्या तिथे थोपते. नुसतं एवढं केलं तरी फरक दिसतो, आणि खर्च अगदी थोडा.

मग लोड बॅलन्सर. त्याच्यामागे दोन किंवा जास्त ॲप सर्व्हर. लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरची खुशाली विचारतो, आणि जो उत्तर देत नाही त्याच्याकडे ग्राहक पाठवणं थांबवतो. इथे एक अट पाळावीच लागते: सर्व्हरनं स्वतःच्या मेमरीत ग्राहकाचं काहीही धरून ठेवायचं नाही. कुलकर्णी काकूंनी लॉगिन केलं पहिल्या सर्व्हरवर, आणि पुढची विनंती गेली दुसऱ्यावर, तर त्यानं ‘पुन्हा लॉगिन करा’ म्हणता कामा नये. लॉगिनची नोंद सगळ्या सर्व्हरांना दिसेल अशा सामाईक जागी ठेवायची, उदाहरणार्थ रेडिस या वेगवान साठवण-साधनात. हे जमलं की सर्व्हर कितीही वाढवा, कितीही काढा, ग्राहकाला कळतही नाही.

आता ऑटो-स्केलिंग. गर्दी वाढली की आपोआप नवे सर्व्हर येतात, हे खरं. पण नवा सर्व्हर सुरू होऊन कामाला लागेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि तुमची गर्दी पहिल्या मिनिटातच येते. स्केलिंग धावत येईल तोवर लोक रागावून फोन करू लागलेले असतील. तुम्हाला वेळ आधीच माहीत आहे, तर तिचा फायदा घ्या: पावणेदहालाच सर्व्हर वाढवायची वेळ लावून ठेवा आणि दुपारी ते कमी होऊ द्या. काही तासांच्या जादा सर्व्हरचं भाडं किरकोळ असतं.

सगळ्यांत आत डेटाबेस, आणि खरी कोंडी तिथेच होते. ॲप सर्व्हर वाढवता येतात, पण खुर्चीची नोंद एकाच ठिकाणी व्हायला हवी. नाहीतर सी-१२ ही खुर्ची दोघांना विकली जाईल आणि प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात तंटा होईल. ‘आधी बघू रिकामी आहे का, मग नोंदवू’ अशा दोन पायऱ्यांत हे केलं तर चूक होणारच, कारण त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसरा माणूसही बघून जातो. उपाय जुना आणि भक्कम आहे: प्रयोग क्रमांक आणि खुर्ची क्रमांक या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घाला. मग एकाच खुर्चीची दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारेल, ॲपमध्ये कुठे चूक राहून गेली तरीही.

खुर्ची निवडली की ती आठ-दहा मिनिटं राखून ठेवायची, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर मोकळी करायची. कुठल्या खुर्च्या उरल्या हे दाखवणारा नकाशा कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीतून, द्या, चार-पाच सेकंद जुना असला तरी चालतो. राखून ठेवण्याची नोंद मात्र नेहमी मुख्य डेटाबेसमध्येच.

पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, ‘पैसे मिळाले’ हा निरोप कधी उशिरा येतो, कधी दोनदा येतो. तो ऑर्डर क्रमांकाशी जोडा, आणि तोच निरोप पुन्हा आला तर काहीही बदलणार नाही अशी व्यवस्था करा. एसएमएस आणि ईमेल पाठवण्याचं काम क्यूमध्ये, म्हणजे मागाहून करायच्या कामांच्या रांगेत, टाका. तिकीट पक्कं झालं की ग्राहकाला लगेच पडद्यावर दिसावं, एसएमएस अर्ध्या मिनिटानं गेला तरी बिघडत नाही. एसएमएस कंपनीची सेवा अडली म्हणून तिकीटविक्री अडणं, हे मात्र अक्षम्य आहे.

एवढ्यावरही गर्दी आवरत नसेल तर प्रतीक्षा-पान लावा आणि लोकांना क्रमानं आत सोडा. इंदूरचा माणूस रांगेत उभा राहायला तयार असतो, फक्त रांग पुढे सरकताना दिसली पाहिजे.

इन्फ्रास्ट्रक्चर, प्लॅटफॉर्म आणि सॉफ्टवेअर या तीन प्रकारच्या सेवांत आम्ही काय घ्यावं?

रात्री दोन वाजता ऑपरेटिंग सिस्टिमचा अपडेट कोण लावणार, हा प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही लावणार असाल तर इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे नुसता आभासी सर्व्हर घ्या. फक्त आपला कोड द्यायचा आणि बाकी कंपनीनं बघायचं असेल तर प्लॅटफॉर्म. कोडही नको, फक्त वापरायचं असेल तर सॉफ्टवेअर, जसं जीमेल. पाच माणसांच्या कार्यालयानं ईमेलसाठी स्वतःचा सर्व्हर उभा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे जुन्या कागदपत्रांचं आणि दुर्मीळ अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. ते कुठे ठेवावं?

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये. क्लाऊडवर साठवणुकीचे तीन प्रकार असतात. ब्लॉक स्टोरेज म्हणजे सर्व्हरला जोडलेली डिस्क. डेटाबेससाठी ती लागते, पण सहसा ती एकाच सर्व्हरच्या आणि एकाच झोनच्या ताब्यात असते. फाइल स्टोरेज म्हणजे अनेक सर्व्हरांनी मिळून वापरायचं फोल्डर. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये प्रत्येक फाइल एका नावानं ठेवायची आणि त्याच नावानं परत मागायची. मधलाच तुकडा बदलता येत नाही, पण कितीही फाइली ठेवा, जागा संपत नाही.

ॲमेझॉनची एस-थ्री ही अशी सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली. ती टिकाऊपणाचा आकडा ९९.९९९९९९९९९ टक्के सांगते. कंपनीच्याच हिशेबात, एक कोटी फाइली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल. पण हा आकडा डिस्क खराब होण्याबद्दल आहे. तुमच्याच कार्यकर्त्यानं चुकून फोल्डर पुसलं तर ते तितक्याच विश्वासूपणे पुसलं जातं. म्हणून व्हर्जनिंग, म्हणजे फाइल बदलली किंवा पुसली तरी जुनी प्रत जपण्याची सोय, पहिल्या दिवशी सुरू करा.

मोडी कागदांचे मूळ उच्च दर्जाचे स्कॅन स्वस्त अर्काइव्ह वर्गात ठेवा. त्यातून फाइल परत मिळायला काही वर्गांत तासन् तास लागतात आणि काढण्याचे पैसेही पडतात, पण त्या रोज कुठे लागतात? वाचकांसाठी लहान आकाराच्या वेगळ्या प्रती करून त्या नेहमीच्या वर्गात ठेवायच्या. माळव्यातल्या मराठी घरांत अजून कितीतरी पेट्या उघडायच्या आहेत. हे काम जो कुणी करतोय त्याचे स्कॅन एका हार्ड डिस्कवर अवलंबून राहू नयेत, असं मनापासून वाटतं.

डेटाबेसची रेप्लिका आहे. मग बॅकअप कशाला?

कारण रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसबरोबर सतत बदलत राहणारी प्रत, चुकाही तितक्याच तत्परतेनं उतरवून घेते. कुणी अट न घालता डिलीट चालवलं, तर पुढच्या सेकंदाला ते रेप्लिकावरही झालेलं असतं. रेप्लिका यंत्र बिघडण्यावरचा उपाय आहे, बॅकअप माणूस चुकण्यावरचा. दोन्ही लागतात.

व्यवस्थापित डेटाबेस, म्हणजे कंपनीच सांभाळते असा, घेतला तर दोन झोनमध्ये प्रत ठेवता येते, आणि मुख्य बसला तर साधारण एक-दोन मिनिटांत दुसरा काम हाती घेतो. शिवाय मागच्या काही दिवसांतल्या हव्या त्या मिनिटाला परत जाण्याची सोय असते. एडब्ल्यूएसच्या आरडीएस या अशा सेवेत ती जास्तीत जास्त ३५ दिवसांची आहे. स्वतः सर्व्हरवर डेटाबेस बसवण्यापेक्षा हे महाग पडतं. तरीही डेटाबेस सांभाळणारं पूर्णवेळ माणूस नसेल तर हेच घ्या.

एवढ्या मोठ्या कंपन्यांकडून डेटा कधी जातो का?

जातो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळालं. ज्या ग्राहकांचा सर्व्हर आणि बॅकअप एकाच परिसरात होता, त्यांतल्या काहींचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरचं प्रायव्हेट क्लाऊड खातं, गूगलच्या अंतर्गत चुकीमुळे, पुसलं गेलं. सहा लाखांहून जास्त सभासदांना आठवडाभर आपलं खातं बघता आलं नाही. त्यांनी वेगळ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते, आणि सगळं परत उभं करताना ते उपयोगी पडले.

म्हणून निदान एक प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डखाली, आणि शक्यतो वेगळ्या कंपनीकडे ठेवा. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत रिकाम्या सर्व्हरवर खरोखर उतरवून बघा. त्याला किती वेळ लागला तो कागदावर लिहा. संकटाच्या दिवशी अध्यक्ष फोन करून ‘किती वेळ?’ विचारतील, तेव्हा तोच आकडा सांगायचा असतो.

९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे सेवा चालू राहण्याचा वेळ, हे चांगलंच ना?

वर्षाला पावणेनऊ तास बंद, असा त्याचा अर्थ. ९९.९९ टक्के असेल तर सुमारे ५२ मिनिटं. एका सुट्या ईसी-टू सर्व्हरसाठी एडब्ल्यूएसचं वचन ९९.५ टक्क्यांचं आहे, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून जास्त बंद राहिला तरी वचन मोडलं असं होत नाही.

शिवाय साखळीतले भाग गुणले जातात. लोड बॅलन्सर, ॲप आणि डेटाबेस प्रत्येकी ९९.९ असतील, आणि तिघांपैकी एक बसला तरी साइट बसत असेल, तर एकूण ९९.७ उरतात. ते झाले वर्षाला सुमारे २६ तास. उलट एकच काम करणारे दोन सर्व्हर स्वतंत्रपणे ९९ टक्के चालत असतील, तर दोघंही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द इथे सगळा भार उचलतो. दोघांवर एकाच वेळी तोच चुकीचा कोड चढवला, तर ते स्वतंत्र राहत नाहीत.

वचन मोडलं तर कंपनी पुढच्या बिलात सवलत देते. तुमच्या बुडालेल्या विक्रीची भरपाई देत नाही.

सुरक्षेची जबाबदारी क्लाऊड कंपनीचीच ना?

इमारत, वीज, यंत्रं आणि हायपरवायझर तिची. तुमचे पासवर्ड, तुमच्या परवानग्या, तुमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तुमचा डेटा तुमचा. क्लाऊडवरच्या डेटाचोरीच्या बातम्या बघा, बहुतेकांत ग्राहकाच्या बाजूचं दार उघडं राहिलेलं असतं.

ही दारं ओळखीची आहेत. मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली नाही. गुप्त किल्ली कोडमध्ये लिहून तो कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल असा टाकला. अशा किल्ल्या शोधणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात आणि काही मिनिटांत त्या वापरल्या जातात. स्कॅन ठेवलेली बकेट (ऑब्जेक्ट स्टोरेजमधला कप्पा) ‘सगळ्यांसाठी खुली’ करून ठेवली. डेटाबेसला इंटरनेटवरचा पत्ता देऊन ठेवला. या शेवटच्या चुकीवर उपाय रचनेतच आहे: डेटाबेस प्रायव्हेट सबनेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येत नाही अशा नेटवर्कच्या भागात, ठेवा आणि त्याच्या फायरवॉलमध्ये फक्त ॲप सर्व्हरांनाच वाट द्या.

कायदाही माहीत असू द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रांच्या कामाच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नाट्यसंस्थेनं प्रेक्षकांचे कार्ड क्रमांक तर स्वतःकडे साठवूच नयेत. ते गेटवेचं काम आहे.

बिल अपेक्षेपेक्षा नेहमी जास्त का येतं?

सर्व्हरचं भाडं सगळे मोजतात, बाकीचं राहून जातं. क्लाऊडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागतात. आत येणारा सहसा फुकट असतो. सर्व्हर पुसला तरी त्याची डिस्क आणि जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) मागे राहू शकतात आणि त्यांचं भाडं चालू राहतं. एडब्ल्यूएस फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याचे (इंटरनेटवरून सर्व्हर ज्यानं सापडतो तो क्रमांक) तासाला अर्धा सेंट घेते, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरांहून थोडे जास्त. असे दहा पत्ते विसरलेले असले की रक्कम दिसू लागते. वर १८ टक्के जीएसटी. व्यापाऱ्यांनी आपला जीएसटी क्रमांक खात्यात भरून ठेवावा, इनपुट क्रेडिटसाठी.

बजेट अलर्ट लावा, पण तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही. चाचणीसाठी घेतलेले सर्व्हर रात्री आणि रविवारी आपोआप बंद होतील असं वेळापत्रक लावलं की त्यांचं भाडं निम्म्याहून खाली येतं.

सर्व्हरलेस घेतलं तर सर्व्हरची कटकटच संपली?

बरीचशी. एडब्ल्यूएस लॅम्डा २०१४ मध्ये आलं. तुम्ही फक्त फंक्शन द्यायचं, विनंती आली की ते चालतं, चाललं तेवढ्याच वेळाचं बिल. सभासद नोंदणीचा फॉर्म, पावतीची पीडीएफ, फोटो लहान करणं, अशा कामांना उत्तम. एका वेळी १५ मिनिटांहून जास्त चालत नाही, आणि बराच वेळ न वापरलेल्या फंक्शनची पहिली विनंती थोडी रेंगाळते. हजार फंक्शनं एकाच वेळी जागी होऊन लहानशा डेटाबेसवर हजार जोडण्या करतात आणि तो कोलमडतो, ही अडचण मात्र शिकवणीत कुणी सांगत नाही. मधे कनेक्शन पूलर ठेवा, तो मोजक्याच जोडण्या सगळ्यांना वाटून देतो.

कुबर्नेटिस लागेल का?

कुबर्नेटिस म्हणजे अनेक मशीनवरचे पुष्कळ कंटेनर एकत्र सांभाळणारी व्यवस्था. दहा-बारा वेगवेगळ्या सेवा आणि त्या सांभाळणारी दोन-तीन माणसं असतील तर विचार करा. एका दुकानाला किंवा संस्थेला नाही लागत. विद्यार्थ्यांनी मात्र जरूर शिकावं, नोकरीत विचारतात.

एका कंपनीत अडकून पडण्याची भीती वाटते.

डेटा पोस्टग्रेससारख्या सगळीकडे मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवा, ॲप कंटेनरमध्ये बांधा, आणि सर्व्हर-नेटवर्कची रचना कोडसारखी लिहिता येते अशा टेराफॉर्मसारख्या साधनात लिहून ठेवा. हलवायला तरीही कष्ट पडतील, पण अशक्य होणार नाही. सुरुवातीपासूनच दोन क्लाऊडवर सगळं चालवण्याच्या फंदात लहान संस्थांनी पडू नये. दुप्पट काम करायला माणसं कुठून आणणार?

कार्यालयातलं इंटरनेटच गेलं तर?

तर क्लाऊड शाबूत असूनही काम बंद. पहिल्या पावसात वीज आणि केबल दोन्ही जातात, हे इंदुरात कुणाला सांगायला नको. दुसऱ्या कंपनीची जोडणी किंवा मोबाइल डेटाचा राउटर ठेवा, आणि दोन्ही केबल एकाच खांबावरून येत नाहीत ना, ते बघा. बिलिंग काउंटरसारखं काम तर नेट नसतानाही चालेल आणि नंतर नोंदी वर पाठवेल, असंच सॉफ्टवेअर निवडा.

मी विद्यार्थी आहे. सुरुवात कुठून करू?

प्रमाणपत्रापासून नको. लिनक्सची कमांड लाइन, नेटवर्कची मुळाक्षरं (आयपी, सबनेट, डीएनएस, पोर्ट) आणि एसक्यूएल, एवढं आधी पक्कं करा. मग वरची तिकीटविक्री लहान प्रमाणात बांधा: दोन ॲप सर्व्हर, एक लोड बॅलन्सर, एक डेटाबेस. चालू झाली की एक सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि काय होतं ते बघा. मग डेटाबेस बंद करा. एकाच वेळी पन्नास विनंत्या पाठवून तीच खुर्ची मागा. मुलाखतीत यावर दहा मिनिटं बोललात तर समोरच्याला कळतं की तुम्ही हे हातानं केलेलं आहे. मोफत सवलतीच्या अटी कंपन्या बदलत असतात, तेव्हा कार्ड देण्याआधी त्या वाचा, आणि काम संपलं की सगळं पुसा.

आमचा सर्व्हर दुकानात टेबलाखाली आहे. हलवायचा तर काय क्रमानं?

आधी त्यावर काय काय चालतं याची यादी करा. नेहमी काहीतरी असं निघतं जे कुणाच्याच लक्षात नसतं. सर्व्हर न हलवता पहिल्यांदा फक्त बॅकअप ऑब्जेक्ट स्टोरेजवर पाठवायला लागा. यात धोका काही नाही, आणि क्लाऊडचा हातही बसतो. मग वेबसाइट. डेटाबेस सगळ्यांत शेवटी. हलवण्याच्या दोन-तीन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे नवा पत्ता सगळीकडे पाच मिनिटांत पोचेल आणि गडबड झाली तर तितक्याच लवकर परत फिरता येईल. जुना सर्व्हर पुढचा महिनाभर पुसू नका. आणि नमकीनचं दुकान असेल तर हे सगळं पितृपक्षात उरका. नवरात्र लागल्यापासून दिवाळीपर्यंत काहीही हलवू नका.